चोर सोडून रोह्याला फाशी

दारव्हा तालुक्याच्या गेल्या बैठकीत एक ठराव पुढे आला. मजकूर दोनच वाक्यांचा. रोही, काळवीट, चितळ ही जनावरे रानातून गोचीड आणतात आणि त्यामुळे आपली ढोरं मरतात, हे पहिले वाक्य. सबब सरकारने या जनावरांचा कायमचा बंदोबस्त करावा, हे दुसरे. टाळ्या पडल्या, हात वर झाले आणि ठराव जिल्हा बैठकीकडे आला. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो ठराव विषयपत्रिकेवर असेल.

ठराव मांडणाऱ्या कास्तकाराला आम्ही ओळखतो. त्याची संकरित गाय भाद्रपदात गेली. चार दिवस ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, डोळे पांढरेफटक, पाचव्या दिवशी गाय आडवी. गाईवरचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्याच्या रागाचा आम्हाला आदर आहे. पण राग खरा असला म्हणून निदान खरे ठरत नाही. निदान चुकले तर पुढच्या भाद्रपदात त्याची दुसरी गायही जाईल आणि रोही मात्र तुरीत चरतच राहील.

म्हणून ठराव मताला टाकण्याआधी गोचिडाचे पंचांग एकदा उघडून पाहू. कोणता गोचीड कोणत्या महिन्यात कुठे असतो, एवढे कळले की चोर कोण आणि संन्यासी कोण, ते आपोआप कळेल.

आधी आमची चूक

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. पदवी घेऊन खेड्यात आलो तेव्हा गोचीड हा विषय आमच्या लेखी अर्ध्या पानाचा होता. अंगावर गोचीड दिसले की औषध मारा, असे आम्ही बेधडक सांगत असू. लोक तसे करत. पोळ्याला बैल धुताना मांडीत, कानात, शेपटीखाली गोचिडांचे घोस दिसत. मग धावपळ, फवारणी, आठ दिवस बरे वाटणे आणि दिवाळीला पुन्हा तेच. आम्ही म्हणायचो, औषध भेसळीचे आहे. कास्तकार म्हणायचा, रानातून नवे येतात. दोघेही सोयीचे बोलत होतो. खरी गोष्ट अशी की पोळ्याला दिसणारा गोचीड हा पीक कापणीला आल्याचा दिवस आहे. त्याची पेरणी ज्येष्ठात झालेली असते. कापणीच्या दिवशी निंदण करून काय उपयोग? हे आम्हाला कळायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत आमच्या सल्ल्याने किती कास्तकारांचा पैसा पाण्यात गेला, त्याचा हिशेब आमच्याकडे आहे आणि तो आम्हाला टोचतो.

गोचीड एक नाही

आपण सगळ्यांना गोचीड म्हणतो, पण आपल्या कोठ्यात मुख्यतः दोन घराणी नांदतात आणि दोघांची रीत वेगळी आहे.

पहिला निळसर-करडा, फुगला की एरंडीच्या बीसारखा दिसणारा. शास्त्रज्ञ याला रिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात. जुन्या पुस्तकात बूफिलस म्हणून सापडेल. हा एकाच जनावरावर जन्म काढतो. गवताच्या शेंड्यावर बसलेले मोहरीहून बारीक पिल्लू जाणाऱ्या जनावराला चिकटते, तिथेच कात टाकते, वाढते, रक्त पिते आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते. दगडाखाली, शेणाखाली, गवताच्या बुडाशी ती दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. उबदार, ओल्या हवेत तीन-चार आठवड्यांत अंडी फुटतात. पिल्ले पुन्हा गवताच्या शेंड्यावर. लाल लघवीचा रोग, म्हणजे बबेसिया, हाच गोचीड पसरवतो. आणि रोगी गाईचे रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांतूनच तो पुढच्या पिढीत उतरतो.

दुसरा तपकिरी, लांब पायांचा, पायांवर फिकट पट्टे असलेला. हा हायलोमा. हा एका जनावरावर जन्म काढत नाही. रक्त पिऊन उतरतो, कात टाकतो आणि दुसऱ्या जनावरावर चढतो. उतरल्यावर राहतो कुठे? कोठ्याच्या मातीच्या भिंतीत, भेगांत, गव्हाणीच्या सांध्यात, कुडाच्या बांबूत. याला ऊन मानवते. थायलेरिया, म्हणजे ज्या रोगात खांद्यापुढची गाठ सुजते आणि संकरित गाय पटकन जाते, तो याच गोचिडाचा. या रोगाची एक खूण पक्की ध्यानात ठेवा. तो अंड्यांतून उतरत नाही. पिल्लाने आधी रोगी किंवा रोगातून उठलेल्या ढोराचे रक्त प्यावे लागते, तेव्हाच मोठा झाल्यावर तो दुसऱ्या ढोराला रोग देऊ शकतो. रोगातून वाचलेली गाय बाहेरून धडधाकट दिसते, पण तिच्या रक्तात जंतू पुढेही राहतो.

आता ठरावाकडे पाहा. ठराव मांडणाऱ्याची गाय ज्या रोगाने गेली त्याची लक्षणे थायलेरियाची. तो गोचीड भिंतीच्या भेगेत राहतो. रोही त्याच्या कोठ्यात कधी आला होता? चितळाने त्याच्या गव्हाणीला कधी अंग घासले होते? चितळ, सांबर यांच्या रक्तातही थायलेरियाच्या जाती सापडल्या आहेत, हे खरे. पण आपल्या गाईंना मारणाऱ्या जातीचे मुख्य घर गाय आणि म्हैस हेच आहे. चोर घरातच आहे आणि आपण रानात दिवटी घेऊन फिरतो आहोत.

बारा महिन्यांचा हिशेब

चैत्र ते ज्येष्ठ. आपल्याकडे पारा ४३-४४ च्या वर जातो. धुरे जळालेले, ई-क्लासची जमीन उघडी. उघड्या रानात गवतावर बसणारी पिल्ले या उन्हात फार दिवस टिकत नाहीत. निळसर गोचिडाचे बळ वर्षात सर्वात कमी असते ते आता. जे उरते ते सावलीत उरते : नाल्याच्या काठी, पाणवठ्याच्या झुडपात, उकिरड्याच्या कडेला. तपकिरी मात्र याच दिवसांत भिंतीतून बाहेर पडून चढतो. याच काळात रानातली जनावरेही पाण्यासाठी गावाजवळ येतात. अशक्त हरीण अंग चाटू शकत नाही, त्याच्या कानात गोचीड भरलेले दिसतात, एखादे पाणवठ्यावर मरून पडते आणि साऱ्या गावाला दिसते. मनात गाठ बसते ती इथे. हरीण आपल्याला वैशाखात दिसते, गाय आपली भाद्रपदात मरते आणि मधले चार महिने आपण विसरून जातो.

मृग ते नागपंचमी. पहिला पाऊस पडला की सावलीत उरलेली अंडी फुटतात. गवत कोवळे, हवा दमट, गुरे गायरानात. पहिली पिढी चढते. यावेळी गोचीड इतका बारीक असतो की दिसत नाही; हात फिरवला तर कातडीवर रवा पेरल्यासारखा लागतो. आपण म्हणतो, यंदा गोचीड नाही. हीच ती पेरणी.

पोळा ते दिवाळी. दुसरी आणि तिसरी पिढी. साधा हिशेब करा. एका मादीच्या दोन हजार अंड्यांपैकी फक्त वीस पिल्ले मोठी झाली आणि त्यांत दहा माद्या निघाल्या असे धरा. दहाच्या शंभर, शंभराच्या हजार. ज्येष्ठात सुटलेली एक मादी दिवाळीला हजार होते. म्हणूनच ज्येष्ठात मारलेला एक गोचीड हा कार्तिकात मारलेल्या हजारांच्या बरोबरीचा. या काळात रान हिरवे, पाणी जागोजागी; चितळ-काळवीट पांगलेले असतात. त्यांच्याही अंगावर गोचीड याच दिवसांत वाढतो, कारण गवत तेच आणि पाऊस तोच. पण त्यांना गावाच्या पाणवठ्यावर येण्याची गरज नसते.

कार्तिक ते माघ. थंडीने अंडी उशिरा फुटतात, पण फुटलेली पिल्ले सावलीच्या गवतात महिनोन्महिने उपाशी बसून राहू शकतात. आता रानातली जनावरे तुरीत आणि हरभऱ्यात उतरतात. जागल करणाऱ्याला हे सांगायला नको. रात्री रोह्यांचा कळप शेतात बसतो, फुगलेल्या माद्या तिथे गळतात. तूर निघाली की आपण गुरे त्याच शेतात मोकळी सोडतो. रानाचा आणि कोठ्याचा गोचीड एकमेकांत खऱ्या अर्थाने मिसळतो तो या वेळी आणि त्याआधी वैशाखात पाणवठ्यावर. वर्षात दोन वेळा, दोन ठिकाणी. रोह्याचा गुन्हा असेल तर तो एवढाच आहे. तो गोचिडाचा कारखाना नाही, बैलगाडी आहे. कारखाना आपल्या कोठ्यात आहे, कारण गावात रोही किती आणि ढोरं किती हे मोजायला तलाठी नको.

एक गोष्ट जाता जाता. रोही आणि काळवीट ही खरी हरणे नव्हेत. त्यांची शिंगे गळत नाहीत. चितळ आणि सांबर खरी हरणे. गोचिडाला हा फरक कळत नाही आणि ठराव लिहिणाऱ्यालाही कळला नाही, एवढेच.

दारव्ह्याचा रोही टेक्सासात

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या टेक्सासातून कळप उत्तरेकडे हाकत नेले की उत्तरेची गुरे लाल लघवीने पटापट मरत. गुरे पाळणारे म्हणत होते, हे गोचिडांचे काम. विद्वान हसत होते. १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न या दोघा सरकारी संशोधकांनी प्रयोगाने सिद्ध केले की गोचीडच रोग पसरवतो. किड्याच्या दंशातून रोगाचे जंतू पसरतात याचा इतका स्पष्ट पुरावा जगात पहिल्यांदा मिळाला. अडाणी समजल्या गेलेल्या गुराख्यांचे निरीक्षण खरे निघाले.

१९०६ साली तिथे गोचीड निर्मूलनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. ठराविक दिवसांनी प्रत्येक जनावर औषधाच्या हौदातून काढायचे आणि कुरण मोकळे ठेवून पिल्ले उपाशी मारायची. छोट्या शेतकऱ्यांनी विरोध केला. काही ठिकाणी सुरुंग लावून हौद उडवले. ते शास्त्राचे शत्रू होते म्हणून नव्हे. गुरे हाकत नेण्याची मजुरी त्यांची, बुडालेला दिवस त्यांचा, हौदात मेलेले वासरू त्यांचे आणि फायदा मोठ्या व्यापाऱ्याचा, हा हिशेब त्यांना दिसत होता. तरीही १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडून सारा देश या गोचिडातून मोकळा झाला. त्या पट्ट्यात घोड्यावरचे सरकारी पहारेकरी आजही गोचीड शोधत फिरतात.

आणि तिथे आता अडचण कोण करते? एक त्यांचे पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि दुसरा आपला रोही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी हौसेने टेक्सासच्या एका मोठ्या कुरणात रोही सोडले गेले. ते वाढले, कुंपणाखालून इकडून तिकडे जाऊ लागले आणि साफ केलेल्या कुरणात गोचीड परत नेऊ लागले. हरणांसाठी औषध लावलेला मका ठेवतात. रोही त्या मक्याला फारसा भुलत नाही. म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आपोआप चालणारे फवारे बसवून गोचीड मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचे पाणी उडवण्याचे प्रयोग तिथे झाले.

यातून ठरावाच्या बाजूचे कोणी म्हणेल, बघा, रोहीच दोषी ठरला. नीट बघा. टेक्सासात रोह्याचा प्रश्न उभा राहिला तो गाईंवरचा गोचीड जवळजवळ संपवल्यानंतर. घरातली आग विझली, मग शेजारून येणारी ठिणगी दिसू लागली. आपल्या घरात अजून वणवा आहे. अमेरिकेतच मोन्हेगन नावाच्या छोट्या बेटावर १९९९ पर्यंत सारी हरणे काढून टाकली, तेव्हा तिथला हरणांवर वाढणारा गोचीड काही वर्षांत ओसरला. ते बेट होते, चारी बाजूंनी समुद्र आणि त्या गोचिडाला वाढायला दुसरे मोठे जनावर नव्हते. दारव्ह्याच्या चारी बाजूंनी समुद्र नाही. एका बाजूला कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य, दुसरीकडे पांढरकवड्याकडचे टिपेश्वर. टिपेश्वरात जन्मलेला, गळ्यात पट्टा बांधलेला एक वाघ २०१९ साली शेताशिवारांतून तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघ चालतो तिथून रोही चालणार नाही काय? इथले शंभर मारले तर दोनशे येतील आणि गाईंवरचा गोचीड होता तिथेच राहील.

पॅकेजची गाय

मग संकरित गाईच का मरतात? आपली गावरान गाय, वर्ध्याकडची गौळाऊ, पिढ्यान्‌पिढ्या या गोचिडांबरोबर राहिली. तिची कातडी आणि तिचे रक्त त्यांना तोंड द्यायला शिकले. होल्स्टिन-जर्सीच्या रक्ताला ती शिकवणी मिळालेली नाही. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातले ज्ञान आहे. तरीही १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात अनुदानावर दुभत्या गाई वाटण्याची योजना होती. यवतमाळ त्या सहांत होता. चारा नाही, पाणी नाही, दुधाला भाव नाही आणि गोचिडाच्या रोगाची तपासणी हाकेच्या अंतरावर नाही, अशा गावांत गाय आली. कित्येकांनी ती विकून सुटका करून घेतली. ज्यांनी ठेवली त्यांनी गोचीड शिकला तो गाय मेल्यावर.

वाघाने गाय मारली तर पंचनामा होतो, भरपाईचा कागद निघतो. २०२२ साली लम्पी आला तेव्हा, ओरड झाल्यावर का होईना, दगावलेल्या दुभत्या गाईला ३०,००० रुपये मिळाले आणि लस फुकट टोचली गेली. गोचिडाच्या तापाने दरवर्षी गाई जातात, त्यांचा पंचनामा कोण करतो? हा मरण्याचा साधा रोग आहे, त्याला बातमी नाही. तेव्हा ठराव करायचाच तर या प्रश्नावर करा. रोह्यावर बोट दाखवले की सरकारची सोय होते. पशुसंवर्धन खाते म्हणेल, वनखात्याला विचारा. वनखाते म्हणेल, कायदा १९७२ चा आहे, आमचे हात बांधलेले. दोघांच्या मध्ये आपण उभे आणि गाय आडवी.

पिकाचा प्रश्न वेगळा

कोणी असे समजू नये की आम्ही रोह्याचे वकील आहोत. रोही आणि रानडुकरांनी सोयाबीन, तूर, हरभरा यांचे जे हाल चालवले आहेत ते आम्ही रात्री जागून पाहिले आहेत. त्याची भरपाई पूर्ण आणि वेळेवर मिळाली पाहिजे, कुंपणाचा खर्च सरकारने उचलला पाहिजे, समाजाला वन्यप्राणी हवे असतील तर त्यांच्या चाऱ्याचे बिल एकट्या कास्तकाराच्या नावावर फाडू नये. ही मागणी पक्की आहे. म्हणूनच तिच्या शेपटीला गोचिडाचा कच्चा मुद्दा बांधू नका. उद्या कोणी पशुवैद्यक उठून म्हणेल की थायलेरियाचा गोचीड भिंतीत राहतो आणि आपला पक्का मुद्दाही कच्च्याबरोबर हसण्यावारी जाईल.

आणखी एक भीती उघडच बोलतो. राग वाढला की पाणवठ्यात कीटकनाशक ओतण्याची भाषा कानावर येते. ते पाणी रोही पिईल, शेजाऱ्याची बकरी पिईल, गुराख्याचे पोरही पिईल. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. विष काय असते हे या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आपल्या हातातले

तेच विष काही जण गाईच्या अंगावर मारतात. पिकावरचे उरलेले औषध बादलीत कालवून चिंधीने पुसतात. हे बंद करा. त्याने गाय मरते, पुसणारी बाई आजारी पडते. गुरांसाठीचे औषध वेगळे असते, त्याचे माप डबीवर लिहिलेले असते आणि दुधाचे किती दिवस टाळायचे हे डॉक्टरला विचारायचे असते. तेच ते औषध वर्षानुवर्षे पातळ करून वापरल्याने देशाच्या अनेक भागांत गोचीड त्याला दाद देईनासा झाला आहे. कमी माप म्हणजे बचत नव्हे. ती गोचिडाची शाळा आहे.

वेळ सांभाळा. पहिली फवारणी मृगाच्या आधी, अंगावर फारसे काही दिसत नसताना. गोचीड जनावरावर तीन आठवडे राहतो, म्हणून दुसरी पंधरा-सतरा दिवसांनी, तो गळून अंडी घालायच्या आत. गावातल्या सगळ्या ढोरांना एकाच आठवड्यात. एकट्याने केले तर शेजाऱ्याचा गोचीड तुमच्याकडे मुक्कामाला येतो.

वैशाखात कोठ्याच्या भिंती लिंपा. प्रत्येक भेग बुजवा, चुना द्या, गव्हाणीचे सांधे खरवडा. थायलेरियावर याहून स्वस्त औषध नाही. उकिरडा कोठ्यापासून दूर न्या. कोठ्यात चार गावरान कोंबड्या सोडा. त्या गोचीड वेचतात आणि गायबगळा फुकटात वेचतो. तूर निघाल्यावर रोह्यांच्या बसण्याच्या जागेवर, धुऱ्याच्या गवतात गुरे लगेच सोडू नका. आधी गवत कापा, ऊन लागू द्या.

आयाबहिणींना एक विशेष सांगणे. कोठ्याचे काम तुमच्या हाती, म्हणून धोकाही तुमच्या हाती. गोचीड ओढून नखाने चिरडण्याची सवय सोडा. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात काँगो तापाने माणसे दगावली, उपचार करणारी माणसेही त्यात होती. तो ताप तपकिरी घराण्यातल्या गोचिडाच्या दंशाने, चिरडलेल्या गोचिडाने आणि रोगी जनावराच्या रक्ताने लागतो. गुरात मात्र तो दिसत नाही. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडताप आला, तोही गोचिडाचाच आणि तोही हंगामी. हिवाळा ते उन्हाळा. तो सह्याद्रीच्या दमट जंगलाचा रोग आहे, त्याच्या नावाने इथे घाबरायचे कारण नाही. पण हातात पिशवी घालून गोचीड काढावा, रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावा आणि मेलेल्या हरणाला हात लावू नये, एवढी सावधगिरी फुकटची आहे.

ताप आणि गाठ दिसली की त्याच दिवशी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासून घ्या. थायलेरियावर इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांत गुणकारी. महाग आहे, तरी गाईपेक्षा स्वस्त आहे.

नवा ठराव

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे जुन्या ठरावाच्या जागी आम्ही हा ठेवतो.

एक : प्रत्येक तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक, तो वापरणारा माणूस आणि रक्तकाचेचा निकाल त्याच दिवशी.

दोन : गोचिडाचे औषध आणि संकरित गाईंसाठी थायलेरियाची लस मृगाच्या आधी गावात पोचावी, पोळ्यानंतर आलेला साठा आम्ही स्वीकारणार नाही, परत पाठवू.

तीन : रस्त्यावर किंवा पाणवठ्यावर मेलेल्या प्रत्येक रोही, चितळ, काळविटाच्या अंगावरचे गोचीड वनखात्याने मोजावे, जात आणि महिना लिहावा आणि तो हिशेब पशुसंवर्धन खात्याला आणि गावाला द्यावा. नागपूरचे पशुवैद्यक विद्यापीठ आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था एवढे काम करू शकतात.

चार : गोचिडाच्या रोगाने मेलेल्या गाईचा पंचनामा व्हावा आणि लम्पीच्या धर्तीवर भरपाई मिळावी.

आणि सरकारची वाट न बघता पाचवे काम आपले. प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. गावातली पाच ढोरं ठरवावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या एका बाजूचे, गव्हाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे गोचीड मोजावे आणि आकड्याची दुप्पट करून लिहावी. शेजारी त्या महिन्यात रोही किंवा हरीण शेतात किती रात्री आले ते लिहावे. बोरी अरब, लाडखेड, लोही अशा वीस गावांच्या वह्या बारा महिने भरल्या तर दारव्हा तालुक्याचे गोचीड-पंचांग तयार होईल. ते कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. मग रोह्यांच्या रात्री आणि गोचिडांचा आकडा एकत्र चढतो का वेगवेगळा, हे आपल्याला भाषणातून नाही, वहीतून कळेल.

वहीने आम्हाला खोटे पाडले तर हाच अग्रलेख मागे घेऊन जुना ठराव आम्ही स्वतः मांडू. तोवर टाळ्या राखून ठेवा. ज्याची गाय गेली त्या कास्तकाराला पहिली वही आम्ही दिली आहे. त्याच्या कोठ्याच्या भिंती या वैशाखात लिंपायच्या आहेत; मदतीला दोन माणसे हवीत. ज्यांना येणे जमेल त्यांनी बैठकीत नाव द्यावे.